मुराळ्याची शक्तिबचत

२० ऑक्टोबर १९४६, रविवार
चार वर्षांनी घरची दिवाळी. इतकी वर्षं मी पलटणीत, त्यामुळे अंजनाला शिराळ्याहून माहेरी आणायला मुराळी गेलाच नाही. एकुलता भाऊ मीच. यंदा पत्र टाकलंय: मंगळवारी येतो, बोचकं बांधून ठेव. हवालदाराचा शब्द!
सणात माणसं दमतात, चिडतात. शिस्त नाही, दुसरं काय. टाइमटेबल करून भिंतीला लावलं. तासाला दहा मिनिटं रेस्ट. दुपारी झोप. राग बंद. बायकोला, साळूला, वाचून दाखवलं. ती भिंत पोतारत होती. म्हणाली, आवं, कागुद काडा, तितं पोतारा द्याचा हाय.

२१ ऑक्टोबर
रेस्ट उत्तम. साळूचं दळण नेमकं माझ्या झोपेच्या तासात आलं. रागावलो नाही. (एकदाच.)
एनर्जीसाठी बेसनाचे लाडू घेतले. साळू म्हणाली, त्ये अंजनाताईस्नी राखल्यात. समजावलं, मुराळ्याच्याच अंगात ताकद नसेल तर अंजना येणार कशी?

२२ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९
मोटार सातला सुटते. उठलो सहालाच, पण साडेसहाला कवायत लिहिलेली. शिस्त मोडून कसं चालेल? उद्या जातो.

२३ ऑक्टोबर
कवायतीनं पाठ धरली. साळूनं तेल चोळून दिलं. तिचा चेहरा उतरलेला. म्हटलं, तूही जरा बस की. म्हणाली, बसते, कवा बसू त्ये कागदात बगून सांगा.
बघितलं. तिचं नाव घालायचंच राहिलंय. दुरुस्ती करावी.

२४ ऑक्टोबर
अभ्यंगस्नान, फराळ. आज आवस. आवसेला लेक आणायला निघू नये, असं आई म्हणायची. बहुतेक.
शेजारचा जोतिबा शिराळ्याहून आला. म्हणाला, अंजना रोज मोटारीच्या वक्ताला बोचकं घेऊन वेशीत हुबी ऱ्हाती. लय वाईट वाटलं. इतका धक्का बसल्यावर रेस्ट घेणं भागच होतं.

२५ ऑक्टोबर, पाडवा
साळूनं ओवाळलं. हात गरम लागला. चुलीपुढं बसून असेल. उद्या भाऊबीज, काहीही झालं तरी निघायचं. तिला पाचला उठवायला सांगितलंय.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज
साळूनं उठवलं नाही. तापानं फणफणली होती. मला जाग आली दहाला, तर दारात अंजना. एकटी. वाटेत कुणी भाऊ कुठाय विचारलं की म्हणे सांगायची, दादा म्होरं गेलाय. माझी अब्रू राखत आली बिचारी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठीचं, आवसेचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. ओवाळलंही.
मग साळूच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, दादा, मी म्हायारपणाला न्हाई आलीया. जोतिबानं वैनीचे हाल सांगितले, म्हून वैनीचा मुराळी हुन आलीया. चार दिस निजू दे तिला, सासूबाईंनी बी हेच सांगितलंय.
दुपारच्या मोटारीनं दोघी शिराळ्याला गेल्या. साळूनं मला विचारलंसुद्धा नाही.

२७ ऑक्टोबर. सकाळी साडेसात, मोटारीच्या थांब्यावर
तासभर चूल फुंकली. धूरच धूर. चहाची पूड कुठल्या डब्यात, ठाऊक नाही. चार वर्षं हे घर कोण चालवत होतं ते आज कळलं. साळूची फार आठवण आली. तसाच धावत सुटलो. पाठ कुठं दुखते?
मोटार गच्च. बहिणींना पोचवायला निघालेले भाऊच भाऊ. क्लीनरनं विचारलं, तुमी कुणाला पोचवाय? म्हटलं, बायकोला आणायला, बहिणीच्या घरून. सगळी मोटार हसली. मग क्लीनर म्हणाला, जागा न्हाई.
चालत निघतोय.