दाजींचे शर्ट

दुधनी, दि. ९ जानेवारी २०२४

चि. महेश्वरीस अनेक आशीर्वाद.

सिद्धप्पा भाजी घेऊन सोलापूरला निघालाय, त्याच्याकडे गाठोडं देते आहे. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून आत ही चिठ्ठी खुपसली. या वेळी चारच कपडे आहेत. तुझ्या दाजींचे तीन शर्ट दंडावर फाटलेत आणि माझा परकर उसवलाय. दाजींना नवं कापड टोचतं, मेहुणीच्या हातचं ठिगळ मात्र चालतं. म्हातारपणी नखरे वाढलेत, दुसरं काय.

तू वेळेवर जेवतेस ना? सुनेला बोल लावत बसू नकोस. कपडे सवडीने कर, पण कर. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी अक्का,
नीलम्मा

जुळे सोलापूर, दि. २१ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गाठोडं पोचलं. मी थकले, अक्का. हे गेल्यापासून तीन वर्षं दर महिन्याला तुझे कपडे येतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याने सुई ओवायला पाव तास जातो. मान धरते ती वेगळीच. सून अंकिता म्हणते, सेलमधला नवा शर्ट माझ्या डोळ्यांतल्या औषधापेक्षा स्वस्त पडतो. पोर खोटं बोलत नाही. तरी मी करत आले, कारण वाटायचं, तुमची ओढाताण चालली असेल आणि तू सांगत नसशील.

या वेळी शर्ट उन्हात धरून पाहिले. घालून घालून विरलेलं कापड हाताला कळतं. कोपरावर पातळ होतं, कॉलरीची घडी झिजते. हे शर्ट कुठेच विरलेले नाहीत. तिन्हींच्या दंडावर कात्रीचा सरळ छेद आहे. निळ्याला तर मी दिवाळीत ठिगळ लावलं होतं. माझी खडूची रेघ त्यावर अजून तशीच आहे, म्हणजे तो एकदाही धुतलेला नाही.

चांगले शर्ट कापून मला का पाठवतेस? मला फार लागलं. उत्तर दे. दाजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
महेश्वरी

दुधनी, दि. २६ जानेवारी

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

चोरी पकडलीस. दाजी दोन वर्षांपासून बाजारातले तयार शर्टच घालतात. तू शिवलेले सगळे कपाटात एकावर एक ठेवलेत.

शिवपुत्रराव गेले, तेव्हा तू अंथरुणावरून उठत नव्हतीस. आई न्हाणीपर्यंतही जाईना, असं अमरेशने रडत सांगितलं होतं. त्या दिवसांत मी एक फाटका ब्लाऊज सहज पाठवला आणि तू मशीनवर बसलीस. मग मी पाठवतच राहिले. घरातलं जुनं संपलं, तेव्हा कात्री घेतली, कपाटातलेही पुन्हा कापले. मला येड लागलंय, असं दाजी म्हणायचे. पण गाठोडं थांबलं तर तू पुन्हा पडून राहशील, ही भीती जाईना. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी थांबले नाही. चुकले गं. मनात धरू नकोस.

तुझी अक्का

जुळे सोलापूर, दि. १२ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडले. मशीन झाकून ठेवलं. पहिले चार दिवस नुसती झोपले. अंकिता घाबरून सारखी डोकावायची. पाचव्या दिवशी आपणहून उठले, अंघोळ केली, सगळ्यांचा चहा केला. तेव्हापासून रोज उठते. ती भीती आता सोड. दुपार मात्र जाता जात नाही, हेही खरं.

परकर आणि शर्ट सिद्धप्पाकडे दिलेत. छेद हातानेच सांधले. दाजींना सांग, हे कपाटात ठेवायचे नाहीत. त्यांनी दुकानात बसताना घालायचे, धुवायचे, वाळवायचे, पुन्हा घालायचे. कोपर खरोखर विरला, की मग पाठव. वर्ष लागो, दोन लागोत. मी तोवर डोळे जपते.

तुझी,
महेश्वरी