गुळाचा अर्धा खडा

तांडा, पांढरकवड्याजवळ
४ नोव्हेंबर २०२५

चि. दीपा हिले दादीचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल. इकडे सारे खुशाल, तुयी खुशाली कळवणे.

तुयं पाकीट भेटलं. पोस्टमननं हाक मारली अन मी तव्यावरची भाकर तशीच टाकून पळाली. भाकर जळाली त जळाली. फोनवरचं बोलणं हवेत जाते, कागद हातात राह्यते. त्याच्यासाठीच त म्या साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात पाटी धरली, अन तुया बाप शाम मले हासला होता. आता हास म्हणा.

तुया कॉमिकचे अकराही भाग कापूस वेचणीच्या बायायले वाचून दाखवले. दुपारी बांधावर शिदोरी सुटाच्या आधी संगीता कागद मागते. ते मैनाबाई घरमालकीण एकट्या माणसाले खोली देत नाही, म्हणून ते नर्स अर्पिता अन तो ट्रकवाला अंकुर नवरा-बायकोचं सोंग करतेत, मधात साडीचा पडदा बांधून राह्यतेत, हे बायायले आता घरच्यासारखं झालं. अंकुरनं पडद्याच्या खालून पेजेचा वाडगा सरकवला, तवा जमनीनं डोळे पुसले. मंग म्हणे कापसाचा कचरा गेला होता. बरं बाई, कचरा त कचरा.

पण अकराव्या भागात अर्पिताची बदली झाली मारेगावले, खोली सुटून राह्यली, अन तू तिथंच थांबली! असं करते का कोणी? माया जीव एका जागी नाही. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं, अन आज शेळीले पाणी पाजलं का नाही याचाच पत्ता नाही. शेवट लवकर धाड.

तुये दादाजी बरे आहेत. डाक्टरनं शुगर सांगतल्यापासून गुळाची ढेप म्या पेटीत कुलूपबंद केली, चावी कंबरेले. ते पेटीच्या भवताल फिरत राह्यतेत, काही हरवल्यासारखे. मी इचारलं त म्हणतेत चष्मा पाहून राह्यलो. चष्मा नाकावरच असते.

जेवत जा. हाडं मोजता येतीन इतकी वाळू नको. माया असू दे या म्हातारीवर.
तुयी दादी,
रुपीबाई

---

पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

ती. दादीस दीपाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जमनीकाकीला सांग, मीही तो पेजेचा वाडगा काढताना कागद ओला केला होता.

दादी, शेवट पाठवू कसा? शेवट जमतच नाहीये. तीन वेळा काढला. पहिल्यात मांडव, बॅंड, हार घातला. संपादक म्हणाल्या, ही लग्नाच्या हॉलची जाहिरात झाली. दुसऱ्यात अर्पिता मारेगावच्या एसटीत बसून निघून जाते आणि अंकुर स्टॅंडवर उभा राहतो. तो नमुना म्हणून थोड्या वाचकांना दाखवला, तर त्यांनी मला इतक्या शिव्या घातल्या की मी दिवसभर मोबाईल बंद ठेवला. तिसऱ्यात ट्रक उलटवला. तो माझा मलाच आवडला नाही.

१५ डिसेंबर ही शेवटची तारीख आहे. तोवर दिला नाही, तर कंपनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार. करारात तसं आहे. वर्षभर मी त्या दोघांना वाढवलं आणि आता कोणी परका येऊन त्यांचं काय करेल, या विचाराने पेन्सिल ठेवून उठते. खोलीत येरझारा घालते. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, की काही हरवलं का.

दादाजींना नमस्कार. गूळ देऊ नकोस त्यांना, डोळे कितीही केविलवाणे केले तरी. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.
तुझी,
दीपा

---

तांडा
२० नोव्हेंबर २०२५

चि. दीपा हिले दादीचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे ठीक. थंडी पडली, बाया शेकोटीजवळून उठता उठत नाहीत.

तुये तिन्ही शेवट बायायले सांगतले. बॅंडवाला सगळ्यायले आवडला, पण संगीताचं म्हणणं की पडद्याची त मजा गेली. एसटीवाला ऐकून जमनीनं तुया नावानं बोटं मोडली, वाईट वाटून घेऊ नको. अन ट्रक उलटवू नको वं, पोट्टे! या रस्त्यानं रोज ट्रक जातेत, सगळ्यायच्या घरी कोणी ना कोणी वाट पाह्यते.

मंग म्या काय केलं, सारे कागद पयल्यापासून पुन्हा काढले. माया चष्म्याची एक काडी तुटली, दोरा बांधला, ते असो. पयल्याच भागात पाह्य. अर्पिता-अंकुर खोलीत सामान ठेवतेत, अन मैनाबाई शेजारणी गोळा करून दोघायच्या हातावर काय ठेवते? गूळ! शेजारणी मोजल्या, पाच, पंचाइतक्याच. अवं येडे, आपल्या तांड्यात प्रमुखापुढे, म्हणजे नायकापुढे, अन पंचापुढे गूळ खाल्ला की सोयरिक पक्की, मंग नायकही ते मोडू शकत नाही. तुया कॉमिकात पयल्याच पानावर गूळ खाल्ल्या गेला, अन तू बाराव्या भागात लगन हुडकत फिरून राह्यली!

मी हे वाचून इतकी हासली की दादाजी धावत आले. गूळ म्हटल्याचं ऐकलं असन.

पण मंग हासू आटलं. माया गुळाची याद आली. मी सोळाची होती, नाल्यावर धुणं धुवाले गेलती. घरी आली त अंगणात नायक, पंच, पाहुणे, सगळ्यायचे तोंड गोड. याडीनं, माया मायनं, सांगतलं, तुयं पक्कं झालं. जिचं लगन, तिच्याच तोंडात खडा नाही. मले कोणी विचारलं नाही, अन म्याही विचारलं नाही, तसंच चाले.

अकरा वर्षं गेले. शाम आठ वर्षाचा झाला. एका दिवशी काळ्या वावरात वेचणी चालू होती, अन तुये दादाजी कापसाच्या तासातून चालत आले, माया हात धरून त्याच्यावर गुळाचा खडा ठेवला. अन इचारलं, त्या दिवशी तुले विचारलं असतं त तू गूळ खाल्ला असता का. इतकंच. अकरा वर्षानं! कोणत्या मुहूर्तावर सुचलं, देव जाणे.

आता वावरातून हाका येऊन राह्यल्या, वेचलेल्या कापसाचा काटा करायची वेळ झाली. बाकी मागाहून. लोभ आटू देऊ नको.
तुयी दादी,
रुपीबाई

---

पुणे
२८ नोव्हेंबर २०२५

ती. दादीस दीपाचा सा. न. वि. वि.

दादी, हे काय केलंस! त्या पानावरचा गूळ मी न कळतच काढला होता. आपल्याकडे चांगलं काही झालं की हातावर गूळ येतो, म्हणून हात आपोआप चालला. अकरा भाग तो माझ्या नाकासमोर होता.

आता मला शेवट दिसतोय. खोली रिकामी, पडदा सोडलेला, सामान दारात. आणि अर्पिताच्या हातावर गूळ. अंकुर तिला विचारतो, त्या दिवशी सोंग नसतं तर तू खाल्ला असतास का. मी एवढं काढून ठेवलंय. पुढचं पान कोरं आहे, कारण तू पत्र तिथेच तोडलंस. काटा करायची वेळ म्हणे! तुझा काटा मला माहीत आहे.

तू काय उत्तर दिलंस? बाबांना फोन केला, त्यांना काही ठाऊक नाही. आई म्हणाली, तिने हे आयुष्यात ऐकलेलं नाही. दादाजींना विचारणार होते, पण ते फोनवर फक्त हवामान सांगतात. खोटं रचून पाठवू नकोस, दादी. तीन खोटे शेवट माझेच आहेत. आता सतराच दिवस उरले.

वाट पाहते. जीव लावत राहा.
तुझी,
दीपा

---

तांडा
६ डिसेंबर २०२५

चि. दीपा हिले दादीचे अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र आलं अन माया पायाले चाकं लागली. सडा टाकाले निघते, झाडणी घेऊन परत येते. काल शेजारच्या रेशनकार्डावरच सही करून आली. कारण खरी गोष्ट अशी आहे पोरी, की म्या उत्तर देल्लंच नाही.

बेचाळीस वर्षं झाले. त्या दिवशी खडा टुकरीच्या, डोईवरच्या ओढणीच्या, पदरात बांधला अन वेचू लागली. ठरवलं की आठ दिवस वाट पाहू देते, म्या अकरा वर्षं पाह्यली. पाह्यली बी त्यायनं. एका दिवशी बैल उलटे जुंपले, डाव्याले उजवीकडे. पण आठ दिवसानंही मले सांगता आलं नाही. काहून की खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. म्या त्यायचं तोंडही पाह्यलं नव्हतं, कशाले खाल्ला असता? पण ‘नाही’ म्हणलं, त ते अख्ख्या अकरा वर्षायलेच माया नकार समजतीन, अन ते त त्याहून खोटं. मंग पेरा आला, मंग सासू गेली, मंग शामची शाळा. खडा पेटीत ठेवला होता, त्याले मुंग्या लागल्या, फेकावा लागला.

तुले खोटं लिहावं, असं एकदा मनात आलं. कागदही घेतला. पण तुयं कोरं पान डोळ्यापुढे येऊन राह्यलं, मंग लिहिल्या गेलं नाही.

काल पेटी उघडली, ढेपेचा नवा खडा तोडून घेतला, अन वावरात गेली. दादाजी मजुरायले पाणी देत होते. बाया होत्या, मोजल्या, जमनी, संगीता अन तिघी आणखी, म्हणजे पाच. म्या सगळ्यायच्या समोर दादाजीच्या हातावर खडा ठेवला. अन सांगून टाकलं की त्या दिवशी विचारलं असतं त मी नसता खाल्ला, पण आज कोणी न विचारता खाऊन राह्यली. अन अर्धा तोडून तोंडात टाकला.

मले वाटलं त्यायले काही आठवणार नाही. औषधाच्या गोळ्या त आठवत नाहीत. पण ते खाली बसले, बांधाच्या धुऱ्यावर, पाण्याची घागर तशीच हातात. मंग हळूच म्हणाले की त्या दिवशी माया पदर निळा होता, अन त्यायनं तो खडा दुकानातून नाही, आईच्या डब्यातून चोरला होता. अन उत्तर आलं नाही म्हणून पुढे विचारावं की नाही, याच्यात बेचाळीस वर्षं गेले. मंग उरलेला अर्धा खाल्ला, डोळे मिटून. संगीतानं शुगरची याद करून देल्ली त म्हणाले, इतकं चालते.

बाया हासून राह्यल्या होत्या, जमनी रडून राह्यली होती, या वेळी कापसाचा कचरा नाही म्हणाली.

तवा तू असं काढ. मांडव काढू नको. अर्पिताले खरं बोलू दे, त्या दिवशीसाठी ‘नाही’ म्हणू दे, अन आजसाठी तिच्याच हातानं अर्धा खडा तोडू दे. अर्धा त्याच्या हातावर राहू दे. बाकीचं वाचणाऱ्यायनं खावं. तारखेच्या आधी धाड, नाही त मीच बसनं येऊन पेन्सिल धरीन.

घरी येता येता दादाजीनं इचारलं, की आता उत्तर देल्लंच आहे त पेटीची चावीही देशीन का. म्या सांगतलं, विचार करते, बेचाळीस वर्षं थांबा.

जीव असाच जुळून ठेव. बायायचा सगळ्यायचा तुले आशीर्वाद, अन शेवट छापल्यावर पयलं पाकीट बांधावर येऊ दे.
तुयी दादी,
रुपीबाई