दगडाऐवजी मला बसवायचात

बाबा, सोयाबीन निघालं आणि हरभऱ्यासाठी वावर तयार करायचं होतं, त्याची ही हकीकत. तुमच्या बैलांच्या गोठ्यात आता एक छोटा ट्रॅक्टर असतो. तुम्ही गेल्यावर मीच घेतला. पिपरी मेघेला राहणारा धाकटा भाऊ आला होता तो मात्र वावर ठेक्यानं देऊन टाकायचं ठरवून. ते मागणारा माणूस आपल्याच गावचा, आंजीचा, त्याला संध्याकाळी होकार कळवायचा होता. मी म्हटलं, आज हे वावर मी तयार करून दाखवते, मग काय ते बोल. तो हसला. "ताई, हे तुले नाई जमत. काऊन जिवाले त्रास देऊन राहिली?"

मला राग आला तो आला. माती भुसभुशीत करणारा रोटावेटर सपाट जागी ठेवला होता. ट्रॅक्टर मागे मागे घेत नेला, तर दोनदा तिरकाच गेला आणि धाकटा धुऱ्यावरून, बांधावर उभा राहून, बघतच होता. तिसऱ्यांदा जमला. ट्रॅक्टरचे खालचे दोन्ही हात त्याला अडकवले, खिळा घातला, वरचा दांडा जोडला. पाती फिरवणारा शाफ्ट बसवून ओढून पाहिला, निघत नाही ना. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. मग माझ्यातली तुमची लेक जागी झाली. वखर जितका दाबावा तितकी माती चांगली, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. खोली ठरवणाऱ्या बाजूच्या दोन्ही पट्ट्या सरकवून पाती जातील तितकी खोल केली आणि सुरू केला. दहा पावलं गेला नसेल, इंजिन कण्हलं, काळा धूर सोडला आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. धाकट्यानं खिशातून फोन काढला.

मी तशीच सीटवर बसून राहिले, आणि मला तुमचा वखर दिसतो. त्यावर दगड ठेवायचा असतो, पण दगडाऐवजी तुम्ही मला बसवता. मी दोन्ही हातांनी लाकूड धरून बसलेय, पायाखालून काळी माती सरकतेय, आणि जगात माझ्याइतकं सुखी कोणी नाही. रुमणं, वखराची मूठ, धरायला हात पुढे केला की मात्र तुम्ही खेकसता, "बाईच्या जातीनं वखर धराचा नसते!" वजन म्हणून चालत होते, हाकायला नाही. त्याचा राग मला आजही आहे, बाबा. पण एकदा म्हातारा बैल धापा टाकायला लागला, तेव्हा तुम्ही मला खाली उतरवलंत. म्हणालात, "उतर वो पोरी. एका पाळीत जीव घेतं काय त्याचा? दोन पाळ्या देऊ."

मी खाली उतरले. पट्ट्या पुन्हा सरकवून पाती वर घेतली, गिअर हळूचा टाकला. पहिली पाळी, वावरभरचा पहिला फेरा, नुसती वरवरची झाली, ढेकळं तशीच. पण इंजिन कुठं अडलं नाही. वळताना रोटावेटर थांबवून उचलायचा, सरळ झालं की टेकवायचा. दुसरी पाळी आडवी दिली, तेव्हा माती रव्यासारखी झाली. ऊन कलता कलता आईनं वावरात येऊन मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. धाकट्याकडे बघून म्हणाली, "त्याले फोन कर. नाई म्हण." त्यानं तिथंच उभं राहून केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वावराले मले शिकवजो."

हे पत्र मी कोणाला देणार नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवते. गावात सगळे म्हणतात, पोरीनं बापाच्या आठवणीसाठी वावर राखलं. मी मान हलवते, आईलाही बरं वाटतं. तुम्हाला मात्र खरं सांगते, बाबा. तुमच्यासाठी नाही राखलं. मला हाकायला फार आवडतं.