न लागणारं दार

रविवार, ता. ९

प्रिय ढब्बूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू बारीक झालास असं तुझी बायको लिहिते, पण म्हणून नाव काही मी बदलणार नाही. इकडे सगळं ठीक. यांचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे. शेजारीण रोज येते, सुनेच्या कागाळ्या सांगते आणि माझा चहा पिऊन जाते.

तुझ्या चिमणीचं लग्न ठरलं हे वाचून दोनदा चष्मा पुसला. परवापर्यंत तुझ्या कारखान्यातल्या भुशात लोळणारी पोर ती. तू लिहितोस, मुलाकडच्यांनी मागितलं ते सगळं कबूल केलं, रोख रक्कम आणि वर तीन दारांचं कपाट. ‘असं करतोय ताई, की पन्नास वर्षं हात लावायला नको. कुणाला तोंड उघडायला जागाच ठेवणार नाही.’

ते वाचलं आणि माझ्या कपाटासमोर जाऊन बसले.

आठवतं तुला, बाबा ते आपल्या मागच्या खोलीत बनवत होते? तू सरस ढवळायचास आणि निम्मा अंगाला फासून घ्यायचास. मी पॉलिशचा बोळा फिरवायचे. महिनाभर जेवणालासुद्धा लाकडाचा वास यायचा, आणि आई म्हणायची, आता ताटात खिळे तेवढे वाढायचे राहिलेत. किती सुखाचा महिना होता तो. मी सासरी जाणार म्हणून सगळे माझ्याशी गोड बोलत होते, तूसुद्धा.

बाबांनी लावलेलं दार बोटानं ढकललं तरी अलगद मिटायचं. माझ्या कपाटाचं डावं दार मात्र पहिल्या महिन्यापासून लागेना. सासूबाई येईल त्याला दाखवायच्या, “पोरीला देतानाही बापानं हात आखडला बघा.” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग बाबा यायचे. निरोप गेला की, आणि कधी न जाताही. दार उतरवायचे, जरासा रंधा मारायचे, पुन्हा चढवायचे. मध्येच पाणी मागायचे आणि पेला घेताना माझ्या मनगटांकडे बघायचे. “झोप लागते ना गं?” एवढंच विचारायचे. निघताना सासऱ्यांना मोठ्यानं सांगायचे, “पुढच्या महिन्यात परत बघावं लागेल हं.” कधी टपकतील याचा नेम नसल्यामुळे घर जपून वागायचं. आपण दिलेली रोख रक्कम वर्षाच्या आतच सासऱ्यांच्या दुकानात जिरली होती, आणि तिच्याबरोबर माझं कौतुकही.

एकदा मी चिडून म्हटलं, “बाबा, एकदाच काय ते नीट करून टाका ना. इथे तुमची अब्रू जाते.”

त्यांनी मान वर केली नाही. “जाऊ दे. नीट केलं तर मला बोलावील कोण?”

बाबा गेले आणि मग तू आलास. तू त्यांच्याहून वरचढ कारागीर, त्यात वाद नाही. एका दुपारी नव्या बिजागऱ्या बसवल्यास आणि दार असं लावलंस की सासूबाईंनीही तोंडभरून वाखाणलं. “आता बघायला नको, ताई,” असं म्हणालास. मला केवढा अभिमान वाटला. तू मग खरंच बघायला आला नाहीस. तुझी नवी उमेद, नवा धंदा, लहान मुलं. कामाशिवाय बहिणीच्या सासरी सारखं कोण जातं?

आता एक लिहिते, वाचून घे. त्याच्या पुढच्याच वर्षी माझा हात मोडला, तेव्हा बाथरूममध्ये घसरले असं मी तुला कळवलं होतं. बाथरूम कोरडं होतं. यांना दुकानासाठी आणखी पैसे हवे होते, आणि तुझ्याकडे मागायला मी नकार दिला होता. आता यांच्यात ते बळ नाही आणि माझ्यात ती भीती नाही, म्हणून लिहिता येतं. तेव्हा तुझं ते घट्ट लागणारं दार रोज उघडायचे, मिटायचे, आणि बाबांची फार आठवण यायची.

रोख रक्कम त्यांच्या हातात देऊ नकोस. द्यायचीच असेल तर चिमणीच्या नावावर ठेव. व्याही रुसतील. आत्ताच रुसले तर माणसं कशी आहेत ते लग्नाआधी कळेल. कपाटाचा शब्द दिलास, तर कपाट दे. पण त्याचं एक दार न लागणारं ठेव. लोक तुझ्या हाताला नावं ठेवतील, ठेवू देत. बोलावलं की जा. नाही बोलावलं तरी जा, आणि तिच्या हातून पाणी घे.

काल मी माझ्या कपाटाच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले. डावं दार पुन्हा लोंबतंय. सवड काढून ये. हत्यारं विसरलास तरी चालेल.

वाट बघणारी,
तुझी ताई