कडू न लागलेली गोळी

बाबा,

परवा चर्चची उपासना संपल्यावर मी मंडळीतल्या एका बाईच्या घरी गेले आणि तिच्याजवळ एक गोष्ट बोलले. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती. बावीस वर्षं झाली त्या गोष्टीला. म्हणून आज तुमच्या मशीनच्या पाटावर कागद ठेवून बसले आहे. मशीन आर्णीच्या त्याच घरात, त्याच खिडकीशी आहे. खणात तुमचा निळा खडू आहे, झिजून नखाएवढा झालेला.

तुम्ही कपडे शिवायचे, आणि पाळक नसेल त्या रविवारी आपल्या पंधरा-वीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलचं वचन सांगायचे. दोन्ही कामांत तुमची सवय एकच होती. कुणी कपडा आणला की आधी तो उलटा करायचे. "सुलटी बाजू तं सगळेच पाह्यतात, शिवण आतून पाह्य." बाहेरगावचा उपदेशक आला की बोलायला उभं राहण्याआधी त्यानं आपल्याकडे जेवायचं, ही रीत तुम्हीच पाडली. चुलीजवळ पाट मांडून, भाकर आणि तुरीचं वरण वाढून तुम्ही त्याला एवढंच विचारायचे, "भाऊ, तुमी जे शिकवता, ते मरून राह्यलेल्या माणसाच्या खाटेपाशी बसून सांगता येईन का?" काही जण विचार करून हो म्हणायचे. एकानं घास हातातच धरून ठेवला होता. आई तव्याकडे तोंड करून म्हणाली होती, "पाहुण्याले जेवू तं द्या आधी. मंग करा वकिली."

ज्यांना सगळे नुसतं 'बंधू' म्हणत ते उपदेशक आले, तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. वाढणारी मी होते. खरा विश्वासणारा औषध घेत नाही, गोळी म्हणजे संशय, असं ते शिकवायचे. वचनांना आणखी एक आतला अर्थ असतो आणि तो निवडलेल्यांनाच उघडतो, असंही सांगायचे. तुम्ही तुमचा प्रश्न विचारला. ते हसले. "काका, खाटेपाशी बसायचं कशाला? मी खाटच रिकामी करतो." तुम्ही हसला नाहीत. मी हसले. रविवारी तुम्ही त्यांना बोलू दिलं नाही, तर त्यांनी घाटंजीच्या रस्त्याला मांडव घातला आणि आपली निम्मी मंडळी तिकडे गेली. मीही निघाले. तुम्ही अडवलं नाही. "जाय. पण आल्यावर मले सांगजो, काय शिकली." मी सांगितलं नाही. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

काय शिकले होते मी? मांडवात त्यांनी मला उभं केलं आणि एकामागून एक वचनं म्हणायला लावली. सगळी मला पाठ. तुम्हीच काजं-बटणं करता करता करून घेतलेली. ते लोकांना म्हणाले, "या मुलीला ज्ञान दिलंय देवानं. हिच्या वडिलांकडे नुसते नियम आहेत." मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला, बाबा. तो आनंद अजून आठवतो, आणि त्याचीच भीती वाटते.

मग त्यांनी सांगितलं की घरातल्या एकाचा विश्वास सगळ्या घराला पुरतो. सात दिवस औषध बंद ठेवायचं, आजाऱ्याला कळलं नाही तरी चालेल. तुमची बीपीची गोळी मीच द्यायचे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हिरवी पट्टी होती, दुसऱ्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं. सकाळी तुम्ही तळहात पुढे करायचे. त्या तळहातावर मी आईच्या उरलेल्या शक्तीच्या गोळ्यांतली एक ठेवू लागले. तीही पांढरी, जवळपास तेवढीच.

तिसरी सकाळ. तुम्ही खुर्चीत बसला आहात, पितळी पेला हातात आहे. गोळी तोंडात टाकता आणि थांबता.

"आज कडू नाही लागून राह्यली बाई."

"कंपनी बदलली, बाबा."

"बरं."

एवढंच. ज्या माणसानं परक्याच्या कोटाचं अस्तरसुद्धा उलटं करून पाहिलं, त्यानं लेकीचा शब्द उलटा करून पाहिला नाही. पाण्याचा घोट घेतला आणि पेला माझ्या हातात दिला.

पाचव्या सकाळी तुम्ही खुर्चीतून उठताना डाव्या अंगावर पडलात. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, गोळी चालू होती का? मी म्हटलं, "हो, रोज देत होते." तुमची वाचा गेली होती, पण पट्टी निघाली होती. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. ते पाहणं कसलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं तुम्हाला समजलं होतं. कधी वाटतं तुम्हाला फक्त पाणी हवं होतं. आठव्या दिवशी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, असं गोळी चालू असतानाही होतं कधीकधी. त्या वाक्याला मी खूप वर्षं धरून राहिले. ते बंधू तोवर दुसऱ्या गावी गेले होते.

त्यानंतर मी संडेस्कूल हाती घेतलं. कुणी नवीन शिकवण आणली की मी तुमच्यासारखी प्रश्न विचारते. लोक म्हणतात, "अगदी बापावर गेली. कोणाले अंदर येऊ नाही देत." मी मान खाली घालते. त्यांना ती नम्रता वाटते.

परवा गेले ते ज्या बाईकडे, ती कापूस वेचायला जाते. तिची मुलगी आठवीत आहे, तिला फिट येते. मुलगी दोन रविवार मलूल दिसली म्हणून मी गेले. बाईनं चहा टाकला.

"गोळ्या चालू आहेत ना हिच्या?" मी विचारलं.

"बंद केल्या, टिचर. मोबाईलवर एक बंधू सांगून राह्यले, चाळीस दिवस बंद ठेवा. बारा झाले. एकबी फिट नाही."

"मले शाळेत चक्कर आलती," मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"चूप बस व. उन्हानं आलती ते." मग माझ्याकडे वळून, "तुमी तं वचन शिकवता टिचर. तुमालेच विश्वास नाही का?"

मी सांगायला लागले. एक बाई होती, म्हटलं. तिनं आपल्या बापाची गोळी बंद केली. सगळं सांगितलं, पण 'ती' म्हणून. बाई ऐकत होती, चहा गाळत होती. शेवटी म्हणाली, "त्या बाईचाच विश्वास कमी पडला असंन मंग."

बाबा, इतक्या वर्षांनी मला ती शिवण आतून दिसली. बरं झालं तर बंधूंचं सामर्थ्य, मेलं तर घरच्यांचा कमी विश्वास. मांडवात साक्ष द्यायला फक्त बरे झालेलेच उभे राहतात. माझ्यासारख्या घरी बसतात आणि गप्प राहतात, म्हणून ती शिकवण गावोगाव फिरत राहते. तुमच्या शिकवणीची ठेव मी दारात उभी राहून सांभाळत होते, आणि चोर आतच होता, माझ्या गप्प राहण्यात.

"तिचा विश्वास कमी नव्हता," मी म्हटलं. "ती बाई मी."

गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. चहा खाली बशीत सांडला. मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"बाबा... तुमचे?"

"हो."

ती उठली आणि तांदळाच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. फेकली नव्हती तिनं. मग तिनंच डॉक्टरांना तिथून फोन लावला. ते तिला जे बोलले ते शेजारच्या अंगणात ऐकू गेलं असेल. "बोलू द्या," ती फोन खाली ठेवून म्हणाली, "माह्या बापानंबी असंच धुतलं असतं मले." काल तिघी यवतमाळला जाऊन आलो. गोळी पुन्हा सुरू झाली.

रविवारी मंडळीपुढे उभं राहून हेच सांगायचं आहे. पाळकांना कळवलं आहे. मग मला संडेस्कूल देतील की नाही, ठाऊक नाही. तेही नीटच होईल.

हे पत्र तुमच्या खणात, खडूजवळ ठेवते. दुसरीकडे कुठे पाठवणार? एक मात्र त्या बाईला सांगितलं नाही, आणि रविवारीही सांगणं जमेलसं वाटत नाही. गेल्या वर्षापासून मलाही बीपीची गोळी लागली आहे, तुमचीच. सकाळी मी ती पाण्याबरोबर गिळत नाही. जिभेवर ठेवते आणि पूर्ण विरघळू देते. फार कडू आहे.

कंपनी बदलली नव्हती, बाबा.