थोरल्या जावेची वरची पट्टी

कसबा बावडा, कोल्हापूर
गुरुवार, दुपारचे साडेतीन

आदरणीय हंबीरराव पावणं यांना उदयसिंह इंगवले यांचा बावड्याहून मनापासून रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. सासूबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या, डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तरी त्यांना अजून चुलीपुढं बसू देऊ नका. (त्या ऐकणार नाहीत. तुमच्या घरात बायकांना काही सांगून उपयोग नसतो हा अनुभव मी मुरगूडचा जावई झाल्यापासून घेतो आहे.) म्हशी, ऊस, वहिनी, सगळे ठीक असतील. मी ठीक आहे. वजन थोडं उतरलंय, पण ते माझ्या हातच्या आमटीमुळं.

तुमची बहीण संयोगिता तिकडं येऊन आज सात दिवस झाले. रोज फोन करतो, तो तुमची क्रांती उचलते आणि "आत्या कामात हाय" म्हणून ठेवते. माहेरी माणसाला सलग सात दिवस काय काम असतं हे मला कळेना. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण मागच्या वेळी संयोगितेला पाठवायचा मजकूर मी पावण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि एकेचाळीस जणांनी अंगठे दाखवले. म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. तिनं तुम्हाला तिची बाजू सांगितलीच असेल. माझी बाजू फारशी चांगली नाही, पण ती निदान सविस्तर आहे.

तुम्हाला ठाऊक आहे की शाळेतनं संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या एका सायंदैनिकात 'निकालाआधीचा निकाल' हे सदर लिहितो. दरवर्षी स्वररंग प्रतिष्ठानची जिल्हा संगीत नाटक स्पर्धा होते, आणि बक्षीस समारंभाच्या तीन दिवस आधी मी कोण जिंकणार ते छापून मोकळा होतो. दहा वर्षांत पहिला नंबर एकदाही चुकला नव्हता. लोकांना वाटतं की मला गाण्यातलं फार कळतं. खरं म्हणजे मी गाण्यापेक्षा परीक्षकांकडं जास्त बघतो. परीक्षकानं पहिल्या पदाला चष्मा काढला तर बक्षीस, तिसऱ्या पदाला काढला तर झोप. मान हलली तर गुण, मानेबरोबर खुर्चीही हलली तर पाठदुखी. हे शास्त्र मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. ते दोन आठवडे मात्र बावड्यात माझा रुबाब असतो. चहावाला ज्ञानू कप पुढं करताना आवाज खाली आणून विचारतो, "सर, यंदा कुणाचं?" आणि मी फुंकर मारत नुसतं "बघू" म्हणतो. पावणं, त्या 'बघू'त जे सुख आहे ते मला चौतीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नाही.

यंदा सात नाटकं होती. आता तुमच्या बहिणीकडं येतो. ती गेले दोन महिने रोज संध्याकाळी दळण आणायला जात होती. घरात माणसं दोन, आणि मी रात्री भात खातो. आठवड्यातनं सहा दळणं कुणासाठी, हा प्रश्न शेजारच्या धोंडुबाईंना पडला, मला पडला नाही. (मी तेव्हा मागच्या वर्षीच्या परीक्षकांच्या टिपणांची वही नीट लावत होतो.) स्पर्धेचं पत्रक हातात आलं तेव्हा सातव्या क्रमांकाला बावड्याच्या महिला मंडळाचं 'संगीत बांधावरची बाभळ' असं नाव दिसलं. दोन जावा, मधे एक बांध, बांधावर एक बाभळ, आणि ती कुणाची यावरून तीन अंक. खाली पात्रपरिचय. थोरली जाऊ : सौ. संयोगिता उदयसिंह इंगवले. मी चष्मा पुसून परत वाचलं. मग आत जाऊन तिला विचारलं, ही कोण? ती कांदा चिरत होती. म्हणाली, "तुमच्या वळखीची हाय."

मी का सांगितलं नाहीस म्हणालो. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता." आणि मी मनातल्या मनात पेटी काढून बसलोच होतो.

तिचा प्रयोग शेवटचा, रविवारी होता. सोमवारी सकाळी सदर द्यायचं. रविवारपासून माझा पाय जमिनीवर ठरेना. अंगणातनं फाटकापर्यंत, फाटकापासनं कारखान्याच्या रस्त्यापर्यंत, तिथनं परत. बायकोचं नाटक पहिलं लिहावं तर गाव म्हणणार, सरांनी घरचं बघितलं. सदर सोडून द्यावं तर गाव म्हणणार, सर घाबरले. संपादक पिराजीराव चांगला माणूस. म्हणाले, "सर, यंदा विश्रांती घ्या. लिहू की मास्तर आजारी हायत." पण दहा वर्षांचा निःपक्षपातीपणा माझ्या डोक्यात शिरला होता. मी घरी आलो आणि एका बैठकीत लिहून टाकलं. पहिलं इचलकरंजीचं फिरत्या रंगमंचाचं नाटक. उत्कृष्ट गायिका त्यातलीच मधुवंती. (बारा वर्षं शास्त्रोक्त शिकलेली, तिच्या वेळी दोन परीक्षकांनी चष्मे काढले होते.) आणि 'बांधावरची बाभळ' सातवं. सातापैकी सातवं. एवढ्यावर थांबलो असतो तरी मी आज तुमच्याकडं जेवायला आलो असतो. पण कुणी पक्षपाताचा 'प' काढू नये म्हणून शेवटी एक वाक्य घातलं : 'थोरल्या जावेची भूमिका करणाऱ्या गायिकेने वरच्या पट्टीचा हट्ट सोडावा, स्वयंपाकघरात चालते ते रंगमंचावर चालतेच असे नाही.'

माझं सदर छापून आलं की ते मोठ्यानं वाचायचं काम दहा वर्षं संयोगितेचं आहे. मी चहा घेत डोळे मिटून ऐकतो. सोमवारी संध्याकाळी पेपर आला. मी म्हणालो, आज मी वाचतो. तिनं पेपर हातातनं घेतला आणि नेहमीसारखी पलंगावर बसून पहिल्या शब्दापासनं वाचायला लागली. इचलकरंजी वाचलं. मधुवंती वाचलं. सातवं वाचलं. मग ते वाक्य आलं, तेही वाचलं, ना हळू, ना जोरात. स्वल्पविरामाला जेवढं थांबायचं तेवढंच थांबली. घडी घालून म्हणाली, "'हट्ट' बरोबर छापलाय. दरवेळी एक ट खात्यात." आणि चहाचा कप उचलून आत गेली. चहा अजून अर्धा होता.

भांडली असती तर मला भांडता येतं. ती भांडली नाही. भाकरी रोजच्यासारखी, भाजी रोजच्यासारखी, आंघोळीचं पाणी वेळेवर. फक्त गाणं बंद. पावणं, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी चालू असतं. ओवी, भजन, रेडिओवरची जाहिरात, काहीही. मी कधी मुद्दाम ऐकलं असं नाही. ते बंद झाल्यावर आमचा फ्रिज किती मोठ्यानं घुरघुरतो हे मला पहिल्यांदा कळलं.

मंगळवारी सकाळी उठून पिराजीरावांकडं गेलो. म्हणालो, उद्या एक बारीक चौकट टाका, 'सातव्याऐवजी चौथे वाचावे'. ते म्हणाले, "सर, अंदाजाला शुद्धिपत्रक नसतंय." म्हणालो, मग ते वाक्य मुद्रणदोष होता असं टाका. ते म्हणाले, "अख्खं वाक्य?" तिथनं स्कूटर काढली आणि कळंब्याच्या तलावावर गेलो. पाणी बघून मन शांत होतं असं म्हणतात. दोन फेऱ्या मारल्या, शांत झालं नाही, भूक लागली. तिथं बसल्या बसल्या मला वाटलं की परीक्षकांनी माझं सदर वाचलं असलं तर? माझ्या वाक्यामुळं तिचे गुण गेले तर? आणि मी स्कूटर थेट त्यांच्या हॉटेलवर नेली.

मुख्य परीक्षक सरोजिनीबाई साताऱ्याच्या. खाली नाश्त्याला बसल्या होत्या. मी जाऊन नमस्कार केला आणि एका दमात सांगितलं की कालचा पेपर कृपा करून वाचू नका. त्यांनी विचारलं, आपण कोण? नवरा म्हणावं तर वशिला, समीक्षक म्हणावं तर दबाव. मी म्हणालो, "मी वाचक." त्या म्हणाल्या, "आम्ही निकाल लागेपर्यंत पेपर वाचत नाही. पण तुम्ही इतके घामाघूम होऊन सांगायला आलात, म्हणजे काय लिहिलंय ते आता बघायला पाहिजे." आणि त्यांनी वेटरला हाक मारली. मी त्यांच्या टेबलावरचा पेपर उचलला, काखेत घातला आणि बाहेर पडलो. घरी येऊन बघितलं तर तो त्या दिवशीचा सकाळचा पेपर होता, भलताच.

गुरुवारी समारंभ. जन्मात पहिल्यांदा मी माझा अंदाज चुकावा म्हणून देवाला हात जोडले. तोही अवघडला असेल, कारण दहा वर्षं बरोबर यावा म्हणून जोडत होतो. संयोगिता मंडळाच्या बायकांबरोबर पुढं, मी मागं खांबाला टेकून. निकाल खालनं वर सुरू झाला. तिसरं आलं, ते मी पहिलं लिहिलेलं इचलकरंजीचं. लोक वळून माझ्याकडं बघायला लागले. दुसरं आलं, ते माझ्या यादीत पाचवं. मग निवेदकानं कागद बदलला आणि म्हणाला, प्रथम क्रमांक, संगीत बांधावरची बाभळ. आणि उत्कृष्ट गायिका, संयोगिता इंगवले. मागनं ज्ञानू ओरडला, "सर, पेन मोडा आता!" अख्खं सभागृह हसलं. मीही हसलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, तिथं पंखे फार जोरात फिरतात.

निवेदकानं माईक तिच्यापुढं धरला. तिनं ढाल दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, घागर धरावी तशी. म्हणाली, "मला बोलता येत न्हाय. वरची पट्टी सोडली न्हाय, एवढंच." टाळ्या थांबेनात. सरोजिनीबाईंनी भाषणात सांगितलं की तिसऱ्या अंकात थोरली जाऊ बाभळ तोडू नका म्हणून वर चढते त्या पदाला तिन्ही परीक्षकांनी लिहिणं थांबवलं होतं. जाताना त्यांची माझी नजरानजर झाली. शेजारच्याला म्हणाल्या, "हेच ते वाचक. आमचा पेपर घेऊन गेले."

घरी आल्यावर मी अभिनंदन म्हणालो. ती "हं" म्हणाली. सकाळी पिशवी भरायला लागली. "दादाला ढाल दाखवून येतो" एवढंच. किती दिवस विचारलं तर "ढाल मोठी हाय" म्हणाली. पण पावणं, पिशवी भरताना ती गुणगुणत होती. मी दारात उभा होतो. माझ्याकडं लक्ष गेलं आणि थांबली.

असो. आक्कांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, क्रांतीला सांगा की फोनवर तिचा आवाज फार करारी येतो, तिनं वकील व्हावं. पत्र लांबलं, पण आमच्या घरी सध्या बोलायला फ्रिजच आहे.

तुमचा, सध्या अंदाज वर्तवणं बंद केलेला,
उदयसिंह

ता. क. : हे पत्र लिहायचं खरं कारण म्हणजे गॅसचं पुस्तक सापडत नाही. ते कुठं आहे तेवढं तिला विचारून कळवा.

ता. क. २ : गॅसचं पुस्तक सापडलं, डब्यांच्या मागं होतं. पाकीट अजून चिकटवलेलं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. तिला सांगायचं धाडस नाही. मी तिचं गाणं ऐकलेलंच नाही. रविवारी पडदा वर गेला, ती आक्कांचं जुनं हिरवं लुगडं नेसून बांधावर येऊन उभी राहिली. ती चुकली तर, या विचारानं मला बसवेना. वाकून वाकून रांगेतनं बाहेर पडलो आणि नाटक संपेपर्यंत गाड्या लावतात तिथं येरझाऱ्या घालत राहिलो. आतनं टाळ्या ऐकू आल्या, त्या बाभळीच्या नेपथ्याला असतील असं वाटलं. ते वाक्य मी न ऐकता लिहिलं. दहा वर्षांत न बघता लिहिलेलं ते एकच. तर विनंती अशी की शनिवारी मी सकाळच्या एसटीनं येतो. तिला म्हणावं, ते तिसऱ्या अंकातलं पद एकदा म्हण. मी आत सोप्यात बसणार नाही, बाहेर गोठ्याजवळ उभा राहतो. ती नको म्हणाली तर म्हशींना बघून परत येईन. पण विचारा मात्र नक्की.

ता. क. ३ : शनिवारच जमवा. सगळ्या जिल्ह्यांतल्या पहिल्या नाटकांची सांगलीला अंतिम फेरी आहे, आणि पिराजीरावांनी त्या फेरीचा अंदाज सोमवारी दुपारपर्यंत मागितला आहे.