त्रेसष्ट वाचक आणि आईचा कोट

प्रिय धाकटे,

माझं डोकं पार चक्रावलंय, म्हणून तुला लिहितेय. रागात असलीस तरी वाच.

कपडे मापाचे करून घ्यायला दुकानात येणारी माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून गेल्या वर्षी लेकीने मला दर शनिवारी ईमेलने एक बातमीपत्र पाठवायला लावलं. त्रेसष्ट वाचक आहेत, हसू नकोस. चेन बदलणं, खिसे लावणं, मशीनला तेल घालणं, जे सुचेल ते मी लिहीत सुटले. आता लेक म्हणते, आई, याची नुसती खिचडी झालीय. एकच विषय धर, आणि एकाच माणसासाठी लिही. पण कोणता धरू? खिशांवर लिहिलं की बायका भरभरून उत्तरं पाठवतात. चेनवर लिहिलं तर कुत्रं विचारत नाही. तीन आठवडे वहीत विषय लिहितेय आणि खोडतेय. कापडापुढे माझं असं कधी होत नाही, खडू घेतला की रेघ मारून मोकळी.

काल लेकीने एक तक्ता दाखवला. कोणी कोणतं पत्र किती वेळा उघडलं, ते त्यात दिसतं म्हणे. मला याचा पत्ताच नव्हता. सगळ्यांनी एकदा, फार तर दोनदा उघडलेलं. फक्त 'आतलं कापड कापू नका' हे पत्र एकाने अकरा वेळा उघडलं होतं. ईमेल तुझा होता. बाकीच्या पत्रांना तू हातही लावला नाहीस. तू यादीत कधी आलीस, तेही मला ठाऊक नाही. अकरा वेळा रागाने वाचलंस की मायेने? तक्ता ते सांगत नाही, आणि मी आज सकाळभर त्याच्याकडेच बघत बसले होते.

आईचा तो राखाडी कोट. ती गेल्यावर महिन्याभरात मी तो घालून आरशासमोर उभी राहिले. तिचा वास येत होता. खांदे सैल वाटले आणि मी टाचण्या लावल्या. सैल कपडा दिसला की माझे हात शिवशिवतात, ही खोडच आहे. तोंडात कायम टाचण्या, म्हणून तूच तर मला ते नाव ठेवलंस. तू आलीस तेव्हा कोट माझ्या मापाचा झाला होता. आईचे खांदे कापून टाकलेस, असं म्हणालीस आणि निघून गेलीस. त्याला दोन वर्षं झाली.

तुला न विचारता हात लावला, ही चूक माझीच. पण धाकटे, मी कापलं काहीच नव्हतं. जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं होतं, पुन्हा सोडता यावं म्हणून. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुला असं वाटलंच कसं, याचा मला राग आला आणि मी गप्प बसले. 'आतलं कापड कापू नका' लिहितानाही मनात हाच कोट होता, हे काल कळलं.

शनिवार परवावर आलाय आणि विषयाचं अजून काही ठरत नाही. आज दुपारी दुकान बंद ठेवून मी कोटाचे सगळे टाके उसवले आणि इस्त्री फिरवली. खांदे आईच्या मापाचे आहेत. दुमडीची एक रेघ तेवढी राहिलीय, ती काही केल्या जात नाही. कोट या पत्रासोबत पाठवतेय, तो तुझ्याकडेच ठेव. तुला सैल होईल. पण तू बोलावल्याशिवाय मी टाचणी लावणार नाही.

तुझीच,
अजून तसं म्हणत असशील तर,
टाचणी